चार बोटं खाली

एकतीस वर्षं पहाटे साडेचारला
कटाचा पहिला चमचा मीच चाखत आलो.
उपाशीपोटी. जिभेवर, मग घशात,
मग जिथं जायचं तिथं.
भवानी पेठेत आमच्या मिसळीला नाव आहे
आणि भिंतीवर पाटी आहे, वडिलांच्या अक्षरातली:
'तिखट कमी करून मिळणार नाही.'

मार्चात दुर्बीण घातली.
डेक्कनच्या डॉक्टरांनी फोटो दाखवला,
लालभडक, वर तवंग.
म्हटलं, साहेब, हा तर माझाच टोप.
ते हसले नाहीत.
जठराला सूज आहे म्हणाले, जंतूही आहे.
चौदा दिवस मूठमूठभर गोळ्या,
नंतर रोज एक, चहाच्या आधी अर्धा तास.
जंतू गेला.
आग राहिली राखेखाली,
रात्री दोनला कुणीतरी येऊन फुंकर घालायचं.

मग कॅम्पात, सेंटर स्ट्रीटला,
लाकडी जिना चढून खुर्शेदबाईंकडं.
चष्म्यावरून बघत पहिला प्रश्न,
'सकाळची गोली चालू आहे ना?
ती बंद नाय करायची हं. माझी सुई
तिच्या जागी नाय, तिच्या सोबत.'

गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं मोजली,
नडगीच्या बाहेर एक बोट सरकल्या,
तिथं केसाएवढी सुई.
मनगटाच्या रेघेवर तीन बोटं, दोन शिरांच्या मधे, दुसरी.
एक पोटावर, बेंबी आणि छातीचं हाड यांच्या अर्ध्यावर.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, मी म्हटलं.
'म्हणजे काय?' म्हणाल्या.
अंगात सुया असताना म्हण समजावता येत नाही,
हात हलवावे लागतात.

टोचलं असं नाही.
पाय जड होत गेला घोट्यापर्यंत,
भिजलेल्या पोत्यासारखा,
आणि पोटात काहीतरी गुडगुडलं,
आत बसलेल्यानं कूस बदलावी तसं.
वीस मिनिटं. पंखा. खालच्या बेकरीतून पावाचा वास.
दिवसाउजेडी आडवा झालो होतो
तो चौऱ्याण्णवच्या टायफॉइडात.
काढताना बाई मोठ्यानं मोजतात,
लावल्या अकरा, निघाल्या अकरा.
गल्ल्यावर मीही असाच मोजतो.

सहाव्या खेपेनंतर पहाटेपर्यंत झोप लागली.
सुईनं, की गोळीनं, की चाखणं सोडल्यानं?
बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'मला नाय ठाऊक,
पुढच्या मंगळवारी या.'
चाखायला आता गजा आहे.
रोजचे एक पेन्शनर मिसळ पुढं सरकवून म्हणाले,
हात बदललाय तुमचा.
पाटीकडं बोट दाखवलं नाही मी.

काल कपाटात गुलाबी औषधाची बाटली दिसली.
दोन महिने मी तिला शिवलोही नाही
आणि ती तळाला आलेली.
गेल्या वर्षीही अशीच भराभर संपायची.
गजावर घेतला होता संशय, बोलूनही दाखवला होता.

मालन मसाला घरी भाजते,
खिडक्या लावून, शेजाऱ्यांना ठसका नको म्हणून.
कट मी चाखायचो.
मसाला कोण चाखतं,
हे कधी डोक्यातच आलं नाही.
'मला कुठं काय झालंय,' म्हणाली.
बाटलीला झाकण लावलं, घट्ट.

माझ्याकडं सुई नव्हती. तिच्या पायाशी बसलो,
वाटीखाली चार बोटं, बाहेर एक,
अंगठा दाबून धरला.
ती टीव्हीकडंच बघत राहिली.
बातम्या संपल्या, हवामान आलं.
मग म्हणाली,
'तिथं नाही.
जरा खाली.'